वाचून दाखवणारी

मुलीला दिसत नव्हतं, म्हणून शाळेपासून तिचं प्रत्येक पुस्तक आईनंच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मुलगी कायदा शिकायला विद्यापीठात गेली आणि तिथल्या दिव्यांग साहाय्य केंद्रानं तिला वाचून दाखवायला एक बाई नेमून दिली.

"आई, काय सुंदर वाचतात गं त्या! अडखळणं नाही, की मध्येच शेरेबाजी नाही," मुलगी रोज सांगायची आणि आईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं घसा फोडला आपण, आणि ही मेली आयत्या बिळावर नागोबा!

शेवटी विसरलेला डबा द्यायचं निमित्त करून आई केंद्रात गेली आणि वाचनखोलीच्या दाराला कान लावून उभी राहिली. आत बाई कलमामागून कलम वाचत होत्या, अगदी बातम्या दिल्यासारख्या. आईनं नाक मुरडलं, पण खोट काढायला जागाच सापडेना.

तेवढ्यात मुलीचा आवाज आला, "मॅडम, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही गं, सांग की," बाई म्हणाल्या.



"अवघड वाक्य आलं, की मध्येच 'मेल्यांना साधं लिहिता येत नाही का!' असं जरा ओरडाल? आईची सवय आहे ती; त्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरतच नाही."