चालरीत

शर्यतीतून बाद झालेल्या त्या घोड्याला दोरी धरून चालवणं म्हणजे एक दिव्यच होतं. तबेल्याबाहेर काढला की तो माणसाला फरफटत न्यायचा, मध्येच अडून बसायचा, नाहीतर ढुशी मारून भिंतीशी चेपायचा. मालक घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला एवढंच म्हणाले, "याला जरा वळण लाव. हा असा चालायचा नाही."

वळण लागलं नाही तर याची रवानगी कत्तलखान्यात होणार, असं मोतद्दाराने ताडलं आणि तो कामाला लागला. माणसाच्या पुढे घुसायचं नाही, तो थांबला की थांबायचं, दोरीला हिसका द्यायचा नाही. चुचकारून, रागावून, रडकुंडीला येऊन त्याने हे धडे घोड्याकडून गिरवून घेतले. "शीक रे राजा," तो त्याच्या मानेला बिलगून म्हणायचा, "तुझ्या जिवाचा प्रश्न आहे." बायको म्हणायची, "पोटच्या पोरांचा अभ्यास कधी इतका घेतला नाहीत."

आणि घोडा शिकला. एका सकाळी मालकांनी स्वतः दोरी धरली, तर तो त्यांच्या शेजारून अगदी अदबीने चालत फाटकाबाहेर गेला. बाहेर ट्रक उभा होता. मालक फळीवरून वर चढले, तसा तोही मागोमाग निमूट आत शिरला. मोतद्दार धावत पोचेपर्यंत मालक खाली उतरले होते आणि मागचं दार लागलंसुद्धा.

 

"कमाल केलीस," मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू रजेवर होतास तेव्हा कत्तलखान्याची हीच गाडी रिकामी परत गेली होती, चौघांनी ओढूनही हा चढला नव्हता."