काढ्याचा चोथा

युनछिंगच्या हातात झाडू होता आणि समोर, तीन गल्ल्या मिळतात तिथे, कालच्या काढ्याचा चोथा पडला होता. दालचिनीच्या काटक्या, पीचच्या बियांचा गर, पिओनीच्या मुळांची साल. सगळं तपकिरी, ओलसर, दगडी फरशीला चिकटलेलं. सासूबाई रोज संध्याकाळी तो इथेच आणून टाकत. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय त्यावर पडला की आजार त्याच्याबरोबर निघून जातो, अशी चीनमधल्या शाओशिंगच्या या जुन्या गल्ल्यांमधली समजूत.

"काय शास्त्रज्ञबाई, आज नोकरी सोडून झाडलोट?" कोपऱ्यावरच्या टोफूच्या दुकानातून तांगकाकूंनी विचारलं. युनछिंग पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यावरून अख्खी गल्ली तिला अशीच चिडवायची.

"दवाखान्यात जायचंय, काकू. त्याआधी हे उचलते. तुमच्या सुनेला दिवस गेलेत आणि ती इथूनच ये-जा करते. आमच्यामुळे तिच्या जिवाला घोर नको."

तांगकाकूंनी सोयादुधावरची साय काठीवर उचलून वाळत घातली. "तिला कशाचा घोर? आम्ही सगळे वळसा घालून जातो. पोस्टमनसुद्धा सायकलवरून उतरतो. घाबरट मेला."

युनछिंगला हसू आलं नाही. तिच्या डाव्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ होती. दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, नुसती पाण्याची असेल तर आपोआप जिरेल. वाढली तर शस्त्रक्रिया, आणि कदाचित अंडाशयही काढावं लागेल. आज सोनोग्राफीत ते कळणार होतं. मधल्या काळात सासूबाई तिला वैद्यांकडे घेऊन गेल्या. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, रक्त साचलंय, ते वाहतं करू. गाठ जिरलीच, तर ती काढ्यानं की आपोआप, हे एका पोटावरून कुणालाच सांगता येणार नाही, हे युनछिंगला कळत होतं. तरी ती काढा पीत होती. नाही म्हणायला तिच्याकडे पुरावा नव्हता.

रोज दुपार कलली की मातीचं भांडं चुलीवर चढायचं. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून कापडी चपलांचे तळवे शिवत राहायच्या. कापडाचे थरावर थर, त्यातून ओवलेला जाड दोरा. मग वाटी भरून समोर ठेवायची आणि ती रिकामी होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. "तळाशी ठेवू नकोस. तळाशीच खरं औषध असतं." बोटीवर नोकरीला असलेल्या नवऱ्याचा फोन आला की तोही तेच विचारायचा, काढा घेतेस ना? दुखतं का, असं कुणी विचारत नव्हतं. ही राखण आपली नाही, आपल्या अंडाशयाची आहे, असं युनछिंगनं मनाशी ठरवून टाकलं होतं. घराला नातवंड हवं होतं, बस.

काल मात्र तिला राहवलं नव्हतं.

"आई, काढ्याला माझी ना नाही. पण आपला आजार दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा, हे मला पटत नाही. माझा विश्वास नसेल, पण तुमचा आहे ना? मग उद्या त्यानं कुणाला काही झालं तर?"

सासूबाई उंबऱ्यात चपला घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तू काढा पी," त्या म्हणाल्या. "चोथ्याचं मी बघते."

आणि भांडं घेऊन गेल्या. तुझं तू बघ, असंच युनछिंगला त्यातून ऐकू आलं.

आता ती झाडू मारायला वाकली आणि थबकली. चोथा पसरून पार सपाट झाला होता.

"काकू, सगळे वळसा घालून जातात, तर मग हा तुडवतं कोण?"

तांगकाकूंनी दुसरी साय उचलायला घेतली. ती फाटली. "मी नाही सांगायची. तसं कबूल केलंय मी."

युनछिंग खाली बसली. चाकाचा माग कुठेच नव्हता. रबरी तळव्याच्या नक्षीचाही नव्हता. सालींच्या लगद्यात बारीक खळगे होते, तांदळाचे दाणे दाबून काढावेत तसे, एका ओळीत, मग दुसऱ्या ओळीत. टाके. एक छोटं पाऊल या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलं होतं, वळलं होतं आणि पुन्हा परत आलं होतं. चुकून पडलेलं पाऊल असं जात नाही.

सासूबाई सकाळी भाजी घेऊन आल्या की चपला दाराबाहेरच ठेवत आणि जुन्या सुरीनं तळवे खरवडत. घर घाण होऊ नये म्हणून त्या तसं करतात, असं युनछिंग समजत आली होती.

कुणाला काही झालं तर, असं तिनं काल विचारलं होतं. ते कुणाला, हे इथे फरशीवर उमटलेलं होतं.

"अगं, तिथे काय बसलीस?" गल्लीच्या तोंडाशी सासूबाई उभ्या होत्या. एका हातात दवाखान्याचे कागद, दुसऱ्या हातात उकडलेल्या अंड्यांची पिशवी. "बस चुकेल. आणि आधी बाजूला हो त्याच्यापासून. ज्याचा आजार त्यानं त्यावर पाय द्यायचा नसतो. परत अंगात शिरतो."

"ठाऊक आहे, आई."

युनछिंगचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. तिनं झाडू भिंतीला टेकवला, चप्पल काढली आणि टाक्यांच्या त्या ठशावर आपलं अनवाणी पाऊल नीट, टाचेपासून बोटांपर्यंत, दाबून ठेवलं.