हातावरचं नाव

कुरुंदा गावातल्या घरात प्रतिक्षा सकाळपासून लॅपटॉपवर कोरियन अक्षरं तयार करत होती. सोळा उभी, सोळा आडवी घरं. नमुना बघून त्यातली नेमकी घरं काळी केली की अक्षर उमटायचं. तिकडच्या दवाखान्यात सलाइनमधून औषध मोजून सोडणाऱ्या यंत्राच्या इवल्याशा काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ही अक्षरं दिसणार होती. बारापर्यंत काम पाठवायचं होतं. तिच्या आजीला, द्वारकाबाईंना, मात्र काही केल्या चैन पडेना.

"तुला वाचता येतं का गं हे?"

"न्हाई. बघून बराबर काढून राहिले ना. आजवर कुणी चूक काढली न्हाई."

द्वारकाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. मग बांगड्या मागे सारून त्यांनी डावा हात लॅपटॉपपुढे धरला.

"लग्नानंतर तुझ्या आजोबांनी विडीच्या पुड्याच्या कागदावर आपलं नाव लिहून दिलं. गोंदणारणीला वाचता येत न्हवतं. तिनं छापील बाजू बघून बराबर गोंदलं. साठीला वर्गात जाऊन अक्षरं शिकले, तव्हा कळलं. चाळीस वर्षं नवऱ्याचं म्हणून विडीचं नाव मिरवून राहिले होते मी."

प्रतिक्षाचं बोट पाठवायच्या बटणावरून मागे आलं.

"अन् एवढ्या वर्षांत तुला कुणीच सांगितलं न्हाई? घरात कुणालाच वाचता येत न्हवतं?"

"येत होतं की, तुझ्या बापासकट सगळ्यांना. पण माझं मन दुखू नये म्हणून तुझ्या आजोबांनी घरादाराला गप बसवलं होतं."