फुगलेली गादी

राजकुमारने टेपचं टोक गादीच्या वळकटीला लावलं, दुसरं ओढत पार त्या अंगाला नेलं आणि मोठ्यानं आकडा वाचला. वाचताना गडी हसतसुद्धा होता.

“हे पाह्य. दीडपट.”

“टेप ढिली सोडून राह्यले तुमी,” सुचिता म्हणाली. “पुन्हा मोजा.”

“पुन्हा मोजा, पुन्हा मोजा! मी काय शिंपी हाय काय वं?”

राजकुमार शिंपी नव्हता, खामगावच्या एका ट्रान्सपोर्टचा मॅनेजर होता. आणि सुचिता होती पिंपळगाव राजाची, दहावीतली, कोपरापर्यंत बाह्या दुमडून आलेली. गादी कुस्तीची होती. नाशकातली एक अकादमी बंद पडली, तिच्या सामानाचा लिलाव मोबाईलवर झाला, आणि गावातल्या पोरींनी बोली लावून ही गादी जिंकली. सोमवारी जिल्ह्याची निवड. ती गादीवर. आणि या पोरी जन्मभर मातीत लढलेल्या. गादीवर पाय असा सटकतो की काय सांगावं!

भाडं वजनावर असतं तर भांडणच नव्हतं. गादी हलकीच. पण राजकुमारची कंपनी भाडं लावायची जागेचं. माल जेवढी जागा खाईल, तेवढे पैसे.

आणि नाशकाहून गादी आली तेव्हा होती चांगली आवळून, दोरखंडानं करकचून बांधलेली. मग फुगली कशी?

तर सुचितानेच फुगवली. नव्या आखाड्यात पाय ठेवण्याआधी नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, हे तिच्या हाडात भिनलेलं. डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याइतकाही दम तिला निघाला नाही. गोडाऊनात शिरली, पिशवीतून विळा काढला, दोर कापला. गादीनं एक लांब श्वास सोडला आणि तेलातल्या पुरीसारखी टम्म फुगली. नारळ फुटला, कुंकू लागलं, आणि फोनवर बोलत बसलेला राजकुमार टेप घेऊन उठला.

“गाडीत तं आवळेलच होती ना!” सुचिता आता ओरडतच होती. “जागा गाडीत खाल्ली का इथं?”

“पावतीवर लिहेल हाय. डिलिव्हरीच्या टाइमले जे माप, थेच माप. देवाची पूजा केली, देव फुगला. आता भोगा!”

गार्गी सुचिताची जोडीदार, सरावातली आणि भांडणातलीही. आज ती तिच्यावरच उलटली. “तुले सांगतलं होतं मी, घरी नेऊन फोड नारळ. तुले कोन आयकवते!”

“गप वं. धर तिकून.”

दोघींनी गादी पुन्हा गुंडाळली. एक वर बसली, एकीनं दोर ओढला. मग दोघी बसल्या. मग दोघी उभ्या राहून नाचल्या. गाठ मारायला खाली उतरलं की गादी पुन्हा पसरायची, जणू तीही कंपनीच्याच पगारावर होती. हमाल हसायला लागले.

“कुस्ती कराले आल्या का हुज्जत कराले?” राजकुमार म्हणाला.

“दोनी.”

“मंग आयका. जास्तीचे पैसे आना, गादी न्या. आजचा दिवस गोडाऊन फुकट. उद्यापासून त्याचंबी भाडं लागन. सोमवारी आल्या तरी चालते मले.”

सोमवार हा शब्द त्यानं मुद्दाम चावून म्हटला. गार्गीचे डोळे भरले. सुचिता मात्र गोडाऊनकडे बघत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मग सरळ दारापर्यंत.

“आज फुकट म्हंता?”

“हो.”

“कुठलोग?”

“शटर पडेलोग.”

“म्हंजे तवालोग आमच्या मालाची जागा आमची?”

“तुमचीच माय, तुमचीच!” राजकुमारनं हात जोडले आणि खुर्चीकडे वळला.

सुचितानं वळकटीला लाथ घातली. गादी उलगडत गेली, उलगडत गेली, पोत्यांच्या थप्पीला घासून थेट दारात जाऊन थांबली.

“ये,” ती गार्गीला म्हणाली.

गार्गीनं डोळे पुसले, वेणी आवळली, गादीला हात लावून कपाळाला लावला. सुचितानंही लावला. दोघी भिडल्या. पहिल्याच झटक्यात सुचिताचा पाय सटकला आणि गार्गीनं तिला असं आपटलं की टिनाचं छप्पर घुमलं.

“ढोंगी! रडत होती ना?”

“उठ, पुन्हा ये!”

दारात एक भरलेला ट्रक येऊन उभा राहिला. त्यानं हॉर्न दिला. मग दिलाच दिला. हमाल ट्रककडे गेलेच नाहीत; भिंतीला टेकून ओळीनं बसले. एकानं शिट्टी मारली. या वेळी सुचिताचा पाय सटकला नाही. तिनं वाकून पट काढला, पाय ओढले आणि गार्गी खाली.

“ए! उचला वं थे!” राजकुमार पळत आला. “गाडी आत घ्याची हाय!”

“शटर कुठं पडलं, काका?”

हॉर्न थांबेना. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देऊ लागला. राजकुमारनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हमालांकडे. एकही जण उठला नाही.

“न्या!” तो किंचाळला. “जुन्या मापानं न्या! सही करा आन् निंघा इथून!”

तावातावानं त्यानं गादीवर यायला पाय उचलला.

सुचिता गार्गीच्या छातीवर गुडघा रोवून बसली होती. मान वर न करता, दम खात म्हणाली, “येतो सही कराले, काका. चपला तेवढ्या काढा.”

राजकुमारचा पाय कुंकवाच्या ठिपक्यावर अधांतरी राहिला.