दुकान विकायचंय का?

कॉम्प्युटरवर जाहिरात पुन्हा आली. या वेळी ती थेट गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या नंबरावर येऊन बसली. ‘दुकान विकायचंय का? आजच भाव कळवा!’ थोरलीने कोपऱ्यातली फुली दाबली, तर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात उघडली. ती घालवली, तर पुन्हा दुकानाचीच. काउंटरपाशी उभा असलेला म्हातारा गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत होता, आणि मागच्या खोलीत धाकटी जाऊ मशीनवर काच घासत बसली होती.

गेले कितीतरी दिवस हे असंच चाललं होतं.

चष्म्याचं हे दुकान सासऱ्यांनी दोघी सुनांच्या नावावर केलेलं. नवऱ्यांना आपापल्या नोकऱ्या होत्या, त्यांना दुकानात रस नव्हता. डोळे तपासून नंबर काढायचा थोरलीने, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या धाकटीने. एकीने अंग काढून घेतलं, तर तिचा हिस्सा विकत घेणं दुसरीला झेपणारं नव्हतं. दुकान विकावंच लागलं असतं. आणि दोघींत कॉम्प्युटर एकच. चष्मा न्यायला आलेले एक मास्तर जाता जाता सांगून गेले होते, “कॉम्प्युटर खोटं बोलत नाही हो. माणूस जे शोधतो, त्याच्याच जाहिराती तो पुढे आणतो.” थोरलीने असलं काही कधी शोधलं नव्हतं. मग उरलं कोण?

त्यात धाकटीचं वागणं बदललेलं. ही बाई म्हणजे लवंगी मिरची. पंखा किती जोरात ठेवायचा, काउंटर कोणी पुसायचा, खिडकीत फ्रेमा कशा मांडायच्या, यावरून तिने वर्षानुवर्षं थोरलीशी रोज हुज्जत घातली होती. आणि आता? पंखा थोरलीला हवा तसा. खिडकीत थोरलीच्या आवडीच्या जाड काळ्या फ्रेमा, ज्यांना ती ‘घुबडाचे डोळे’ म्हणायची. काल तर तिने स्वतःहून चहा करून आणला आणि चक्क साखरही बेताची घातली. थोरलीने तो चहा तसाच ठेवून दिला. जाणारं माणूसच असं गोड वागतं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. सरळ विचारावं, तर धीर होत नव्हता. विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली तर?

“अहो, माझा नंबर सापडतोय का,” म्हातारा वैतागला, “की तेल घेऊन जाऊ?”

शेवटी मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवालीला बोलावलं. ती आली, खुर्चीत बसली आणि कॉम्प्युटरमध्ये काय काय भरलंय त्याची यादी उघडून बघू लागली.

“हा पत्त्यांचा खेळ कोणी घेतला?”

मागचं मशीन थांबलं. थोरलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मी,” ती म्हणाली. “दुपारी गिऱ्हाईक नसतं ना. फुकट होता.”

“त्या फुकटाच्या पोटातूनच हे सगळं आत आलंय. घेताना खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘याबरोबर हेही देऊ का?’ त्यापुढे खूण त्यांनीच करून ठेवलेली असते. ती काढायची. वाचलं नाहीत?”

“नुसतं पुढे, पुढे दाबत गेले.”

“चष्म्याच्या दुकानात बसून?”

म्हातारा खो खो हसला. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुरुस्तीवालीने खेळ काढून टाकला. त्याच दिवशी घुसलेले दोन अनोळखी प्रोग्रामही हाकलले. ब्राउझरला चिकटलेली पट्टी काढली, बदललेलं पहिलं पान पूर्ववत केलं, आणि कुठे काही दडून बसलंय का ते बघायला सगळा कॉम्प्युटर तपासायला लावला. “यापुढे काही घ्यायचं तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच,” तिने बजावलं. “आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणून जे स्वतःच बोंबलत येतं, त्याला हातसुद्धा लावायचा नाही.”

थोरलीने आवाज खाली आणला. “पण ती दुकान विकायची जाहिरात? ती तर कोणीतरी शोधल्याशिवाय येणार नाही ना?”

“छे हो! ज्याने हा खेळ घेतला, त्याच्या माथी ही जाहिरात. आत्ताच एका शाळकरी पोरीच्या कॉम्प्युटरमधून हीच काढून आले. ती काय शाळा विकणार आहे?”

थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिला दुरुस्तीवालीला मिठीच मारावीशी वाटली, पण तिने नुसते पैसे दिले. नंबर उघडला, म्हाताऱ्याचं काम झालं, दोघंही गेली. मग थोरली खुर्चीत मागे रेलून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“अगं, काय मूर्ख मी! मला वाटत होतं, तूच दुकान विकायला निघालीस. एवढी गोड वागायला लागलीस, म्हटलं, ही निरोपच घेतेय!”

धाकटी दारात येऊन उभी होती, काच घासताना ओले झालेले हात पदराला पुसत. ती हसली नाही. स्टूल ओढून थोरलीच्या समोर बसली आणि तिने एक मोठा श्वास सोडला.

“ताई, त्या जाहिराती मलाही दिसत होत्या,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्या भांडणांना कंटाळून तुम्हीच विकताय. म्हटलं, आता तरी शहाण्यासारखी वागले, तर कदाचित विकणार नाहीत.”