वाटी बुडेपर्यंत

तलावाच्या पाण्याची पाळी गावात अजूनही भोकाच्या पितळी वाटीनेच मोजतात. वाटी बादलीतल्या पाण्यावर ठेवायची. भरून बुडाली की पाळी संपली. शेवटी उरेल ते सगळं पाणी सरपंचाचं.

आनंदाबाईचं धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. तिची बांधी, धानाचा तो बांध घातलेला तुकडा, अर्धीही भिजली नव्हती, तोच पाणी सोडणारा इतवारी ओरडला, "वहिनी, बुडाली!"

तिने वाटी उचलून उन्हात धरली. जुन्या भोकाशेजारी नवं भोक चकाकत होतं.

"हे कोनं पाडलं?"

"मले काय मालूम? वाटी सांगते तेच खरं. बापजाद्यापासून असंच चालून राहिलं."

आनंदाबाईने बांधावरची चिकणमाती घेतली, दोन्ही भोकं गच्च लिंपली आणि वाटी पुन्हा पाण्यावर ठेवली.

"बस आता इथं. बुडाली का आवाज देजो."