आजाऱ्याचं खाणं

सुनेने पपईच्या फोडींची ताटली समोर ठेवली आणि म्हाताऱ्याने ती बोटाने परत सरकवली. आज त्याने ठरवलंच होतं. काय तो सोक्षमोक्ष लावल्याशिवाय हिला कामावर जाऊ द्यायचं नाही.

तो इथे पाहुणा होता. पोटात दुखायचं, म्हणून मुलाने त्याला वरच्या माळावरच्या गावातून खाली नदीकाठच्या शहरात आणलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात पोटात नळी घालून झाली होती, आतला तुकडा काढून तपासायला पाठवून झाला होता. डॉक्टर काय म्हणतात याची वाट बघू, एवढंच मुलगा सांगायचा. पण नुसती वाटच बघायची, तर मग ही ताटली कशाला? तपासण्या झाल्यापासून रोज सकाळी पुढ्यात काहीतरी चिरलेलं असायचं. कधी पेरू, कधी कलिंगड, आज पपई.

त्याचं गाव खाणीचं. उभा जन्म त्याने तिथे सुरुंग लावले होते. त्या जमिनीतून दगड निघायचा, बाकी काही निघायचं नाही. लोक मांस खायचे, डाळ खायचे, पाव खायचे. भाजी म्हणजे कांदा, आणि पाहुणा आला तर दोन कांदे. हिरवं पान दिसलं की ते शेळीपुढे टाकायचं असतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आणि फळ आजाऱ्याचं. तेही उठून बसणाऱ्या आजाऱ्याचं नव्हे. डॉक्टरांनी हात टेकले की मग घरचे लोक लांबच्या बाजाराला जाऊन फळं आणत. कुणाच्या हातात तसली पिशवी दिसली की गल्ली त्याला काही विचारायची नाही, मुकाट्याने वाट सोडायची. त्याची बायको गेली तेव्हा घरात फळांचा ढीग पडला होता. नंतर त्याला कुणी हात लावला नाही.

तेव्हा रोज सकाळी ताटली आली की हा माणूस आतून गार पडायचा. सून कामावर गेली की तो फोडी गॅलरीतल्या कुंडीत पुरायचा. सुरुंगाची वात पेटवून रमतगमत चालत येणारा म्हणून खाणीत त्याचं नाव होतं. आणि आता एका पपईने त्याची झोप उडवली होती.

"सूनबाई, बस जरा," तो म्हणाला. "डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला खरं सांग. मी रडणार नाही. किती दिवस उरलेत माझे?"

सून जेवणाचा डबा पिशवीत टाकत होती, ती तशीच थांबली. कसले दिवस, तिला काही कळेना. मग त्याने ताटलीकडे बोट दाखवलं आणि आपल्या गावची रीत तिला सांगितली. ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली. हसावं की रडावं, तिला सुचेना. शेवटी तिने आपला डबा काढून त्याच्यासमोर उघडला. पावाच्या शेजारी त्याच पपईच्या फोडी होत्या.

मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आमच्याकडे फळाशिवाय सकाळ होत नाही, ती म्हणाली. तिचा बाप हमाल, धडधाकट माणूस, एका बैठकीत अर्धं कलिंगड फस्त करतो. डॉक्टर अजून काहीच बोललेले नाहीत, आज संध्याकाळी मुलगा कामावरून परस्पर त्यांना भेटून येणार आहे. तिने आईची शपथ घेतली. त्याला हाताला धरून खिडकीशी नेलं. खाली सिमेंटची पोती उतरवणारा एक गडी केळं खात होता. चौकातला पोलीस संत्रं सोलत होता. दोघांपैकी कुणी इतक्यात मरेलसं दिसत नव्हतं.

"तुमचा मुलगा मात्र अगदी तुमच्या वळणावर गेलाय," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्याने घरात साधं केळं आणलं नाही. मीच आणते आणि मीच खाते."

म्हाताऱ्याने एक फोड तोंडात टाकली. मग दुसरी. रस हनुवटीवरून ओघळला तरी त्याने पुसला नाही, आणखी आहे का म्हणून विचारलं. सुनेला उशीर झालाच होता. शिलाई कारखान्यात मुकादमाची बोलणी खायला ती हसत हसत पळाली.

तो दिवस त्याने मजेत घालवला. खाली जाऊन पोलिसाशी गप्पा मारल्या, पदरचे पैसे देऊन पेरू घेऊन खाल्ले. आपण किती मूर्ख, याची त्याला लाज वाटत होती आणि त्या लाजेचासुद्धा आनंद होत होता. गावाकडच्या मंडळींना हे कसं रंगवून सांगायचं, ते त्याने मनात जुळवूनही ठेवलं.

संध्याकाळी मुलगा आला. सूनही नुकतीच परतली होती. मुलाचं तोंड धुतलेलं होतं, पुढचे केस ओले होते.

"बाबा, सगळं ठीक आहे," तो दारातूनच मोठ्याने म्हणाला. "घाबरण्यासारखं काही नाही. गोळ्या घ्यायच्या आणि आराम करायचा." हे सगळं त्याने भिंतीकडे बघून सांगितलं.

सुनेने हुश्श केलं. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं आणि तिला हसूच आवरेना. आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, ती म्हणाली. नवऱ्याच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. त्याने खाली पाहिलं. ती आपण कधी विकत घेतली, हे त्यालाही आठवत नसावं. खोलीत सून एकटीच हसत होती.

म्हातारा उठला. मुलाने पिशवी घट्ट धरली होती, तिचे बंद बोटांत रुतले होते. म्हाताऱ्याने ती बोटं हळूहळू सोडवली. सून फळ आणायची तेव्हा ते नुसतं फळ असायचं. पण मुलगा त्याच्या गावचा होता.

"चांगली बातमी आणलीस," म्हातारा म्हणाला आणि मुलाला जवळ बसवून त्याच्यासाठी एक मोसंबी सोलू लागला.